व्रत घेऊन जत्रेला



परदेशातली कॉलेजं ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात आणि नव्या मुलांची आपापसांत ओळख व्हावी म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच एखादी सहल निघते. पुष्कळदा ती थीम पार्कलाच जाते. सकाळी दहाला आत शिरायचं, दिवसभर रोलर कोस्टर आणि आकाशपाळण्याच्या रांगा लावायच्या, रात्रीची रोषणाई बघून बाहेर पडायचं. आपल्या घरातून गेलेली मुलगी इथं अडते. नेमके दशलक्षण पर्वाचे दिवस जवळ आलेले किंवा चालू असलेले. आत मिळणारं खाणं आपल्याला चालणारं नाही, आणि वर्गातले सगळे सूर्य मावळल्यावर पिझ्झा घेऊन बसणार. मग फोनवर आईचा सल्ला येतो, "कशाला जातेस बाई? पोट दुखतंय म्हणून सांग."

म्हणजे एक व्रत राखायला दुसरं मोडायचं!

हा प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणींनी विचारला की त्यावर नुसती डब्याची यादी देऊन भागणार नाही असं वाटलं. कारण व्रत घेऊन परदेशी शिकायला जाणं आणि तिथल्या जत्रेत, मित्रमंडळींत वावरणं याला चांगला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे. त्यात आपला धागा आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा लांबवर गेलेला आहे.

सुरुवात राजकोटला होते. १८८८ साली अठरा वर्षांचा मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला. आई पुतळीबाई तयार होईनात. तिकडे गेलेली पोरं मांस खातात, दारू पितात, असं त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा वाट काढली ती बेचरजी स्वामी या जैन साधूंनी. ते मूळचे मोढ वाणीच, पुढं जैन दीक्षा घेतलेले आणि त्या घराचे सल्लागार. त्यांनी मुलाला मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा दिली, आणि आईनं जायला परवानगी दिली. जातीनं मात्र दिली नाही. मुंबईत मोढ वाण्यांची सभा बसली, समुद्र ओलांडणाऱ्याला वाळीत टाकलं आणि त्याला निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. मला या गोष्टीत नेहमी गंमत वाटते ती ही, की साधूनं मुलाला व्रत देऊन जाऊ दिलं आणि पंचांनी व्रताची चौकशीसुद्धा न करता त्याला अडवलं.

लंडनमध्ये त्याचे हाल झाले. उकडलेल्या बेचव भाज्या, मोजून दिलेले पावाचे तुकडे, आणखी मागायची लाज. रोज दहा-बारा मैल चालून तो शाकाहारी जेवण शोधायचा, नाहीच मिळालं तर स्वस्तातल्या खाणावळीत पोटभर पाव खायचा. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडलं तेव्हा मुलाला आवडतं खेळणं मिळावं तसा आनंद झाला, असं त्यानंच आत्मचरित्रात सांगितलं आहे.

त्याच पुस्तकातला दुसरा प्रसंग मी परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलीला सांगते. एका मित्रानं गांधींना नाटकाला बोलावलं. आधी हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवण होतं. ते भलं मोठं, झगमगीत ठिकाण. मित्राचा बेत असा, की इथं तरी हा पोरगा संकोचानं गप्प बसेल आणि समोर येईल ते खाईल. पहिलं सूप आलं. ते कशाचं आहे हे मित्राला विचारायची सोय नव्हती, म्हणून गांधींनी वेटरला खूण केली. मित्र संतापला. सभ्य माणसांत वागायची तुझी लायकी नाही, बाहेर कुठंतरी खा आणि माझी वाट बघत थांब, असं त्यानं सुनावलं. गांधींना उलट हायसं वाटलं. ते बाहेर पडले. जवळचं शाकाहारी उपाहारगृह बंद झालेलं होतं, त्यामुळे त्या रात्री उपास घडला. पुढचं महत्त्वाचं. ते रुसून खोलीवर गेले नाहीत. उपाशीपोटी मित्राबरोबर नाटकाला गेले, आणि झाल्या प्रकाराचा दोघांनीही उच्चार केला नाही. मैत्री टिकली.

अंड्याचाही घोळ झाला होता. मांस म्हणजे काय, याच्या तीन व्याख्या त्यांना तिकडे भेटल्या. काहींच्या मते अंडं मांसात येत नाही. थोडे दिवस त्यांनी अंडी खाल्ली. मग मनाशी ठरवलं, की व्रत आईपुढं घेतलं आहे, तेव्हा आईच्या मनात मांसाचा जो अर्थ होता तोच खरा. अंडी सुटली. "आमच्या डेअरी क्रीममध्ये अंडं येतं का, आणि केकमध्ये दिसत नाही मग चालेल का" असं विचारणाऱ्या मुलींना याहून सोपं उत्तर मला सुचत नाही.

हा मुलगा जत्रेलाही गेला. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला. आत्मचरित्रात साल १८९० पडलं आहे, पण आयफेल टॉवर ज्यासाठी उभारला ते प्रदर्शन १८८९ चं. पॅरिसमधल्या शाकाहारी उपाहारगृहाचा पत्ता त्यांनी आधीच काढून ठेवला होता. तिथंच खोली घेतली आणि सात दिवस राहिले. टॉवरवर दोन-तीन वेळा चढले आणि वरच्या उपाहारगृहात, उंचावर बसून जेवलो एवढं म्हणता यावं म्हणून, सात शिलिंग घालवले. पै-पैचा हिशेब लिहिणारा माणूस! पुढं त्यांनी टॉवरला खेळणं म्हटलं आणि टॉलस्टॉयचं मत पटल्यासारखं लिहिलं, की हे माणसाच्या शहाणपणाचं नव्हे, वेडाचं स्मारक आहे. ते उतारवयाकडं झुकल्यावरचं. विशीत मात्र तेही चढलेच की. त्यासाठी व्रत मोडावं लागलं नाही.

या प्रदर्शनांनाच आजच्या थीम पार्कचं आजोळ म्हणता येईल. पॅरिसला कैरोचा एक अख्खा रस्ता उभारला होता, गाढवं आणि गाढववाल्यांसकट. दुसऱ्या देशात गेल्याचा भास विकायचा, ही कल्पना तिथं पक्की झाली. चारच वर्षांनी, १८९३ ला, शिकागोनं पॅरिसला उत्तर द्यायचं ठरवलं. आयफेल टॉवरच्या तोडीचं काहीतरी हवं होतं, म्हणून जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं चाक उभं केलं. उंची २६४ फूट, डबे ३६, एकेका डब्यात ६० माणसं. तिकीट पन्नास सेंट, त्यात दोन फेऱ्या. आपल्या यात्रेतला आकाशपाळणा त्याचाच नातू. हे चाक मुख्य प्रदर्शनात नव्हतं. ते होतं 'मिडवे प्लेझन्स' नावाच्या सुमारे मैलभर लांब पट्ट्यावर, जिथं खेळ, तमाशे, खाण्यापिण्याच्या जागा यांची गर्दी होती. करमणुकीसाठी वेगळी आखलेली जागा अशी तिथून अमेरिकेत रुळली.

आणि त्याच शहरात, त्याच सप्टेंबरात, सर्वधर्म परिषदेत आपले वीरचंद राघवजी गांधी बोलत होते. आमंत्रण खरं आचार्य विजयानंदसूरी म्हणजे आत्मारामजी महाराजांना होतं. साधूंना जहाजानं जाता येत नाही म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षांच्या या श्रावकाला तयार करून पाठवलं. मोहनदास आणि वीरचंद हे नात्यातले नव्हेत, पण मित्र होते. मोहनदास विलायतेहून परतल्यावर मुंबईत दोघांनी मिळून आहाराचे प्रयोग केले होते. वीरचंदभाई शिकागोच्या कडाक्याच्या थंडीतही शुद्ध शाकाहारच घेतात, आपल्या देशाची बाजू हिरिरीनं मांडतात, तिथल्या लोकांना ते आवडतात, आणि इकडे त्यांचेच लोक त्यांना वाळीत टाकायला निघालेत, असं स्वामी विवेकानंदांनी १८९४ च्या एका पत्रात कळवळून लिहिलं आहे. पुन्हा पंचच! अमेरिकेत त्यांनी भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी संस्थाही काढली. आज आपल्या मुली तिकडे पीएचडी करतात तेव्हा हे नाव घरात माहीत असायला हवं. वीरचंदभाई श्वेतांबर, आम्ही दक्षिणेकडच्या दिगंबर घरांतल्या, म्हणून आमच्याकडे त्यांची कथा फारशी सांगितली जात नाही. जावी.

आता या जत्रांची दुसरी बाजू. पॅरिसला आणि शिकागोलाही आफ्रिकेतली माणसं आणून त्यांची 'खेडी' मांडली होती. लोक तिकीट काढून त्यांना बघायला जायचे. जिवंत माणसं, कुंपणाच्या आत. आणि अमेरिकेतल्याच काळ्या नागरिकांना शिकागोच्या प्रदर्शनाच्या कारभारात स्थान नव्हतं. फ्रेडरिक डग्लस आणि आयडा बी. वेल्स यांनी त्याविरुद्ध पुस्तिका छापून तिथंच वाटली. पुढच्या दहा-वीस वर्षांत अमेरिकेतल्या विजेच्या ट्राम कंपन्यांनी आपल्या मार्गाच्या शेवटी बागा आणि पाळणे उभारले, कारण रविवारी ट्राम रिकाम्या धावायच्या. दर मोठ्या शहराला असं पार्क आलं. कुंपण तेच राहिलं, फक्त माणसांची जागा बदलली. आधी काळ्या माणसाला आत ठेवून बघत होते, आता त्याला बाहेर ठेवलं.

असंच एक पार्क वॉशिंग्टनजवळ, मेरिलँडमध्ये, पोटोमॅक नदीकाठी होतं. नाव ग्लेन एको. १८९१ ला ते सुरू झालं ते खरं तर व्याख्यानं, संगीत, लोकशिक्षण यांसाठी. ते चाललं नाही आणि तिथं पाळणे आले. १९२१ साली डेंट्झेल कंपनीचं लाकडी मेरी-गो-राउंड बसवलं. पुढं पोहण्याचा मोठा तलाव, नाचघर. वॉशिंग्टनच्या तीन पिढ्यांचा उन्हाळा तिथं गेला, गोऱ्यांच्या. काळ्या मुलांना ट्राममधून ते दिवे दिसायचे, उतरता येत नव्हतं.

ते फाटक उघडलं १९६०-६१ मध्ये, आणि उघडणारे कॉलेजचे विद्यार्थी होते. एकत्र जमून पार्कला गेलेले वर्गमित्रच. पण ते तिथवर कसे पोहोचले, यासाठी आधी बार्डोली आणि नागपूर गाठावं लागेल.

बार्डोलीला १९३६ च्या फेब्रुवारीत हॉवर्ड थर्मन आणि त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन गांधीजींना भेटले. काळ्या अमेरिकनांचं शिष्टमंडळ घेऊन ते भारतात आले होते. सूबाईंनी आडवळण न घेता विचारलं, की माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भावाला जमावानं फासावर लटकवलं, तर अहिंसेनं मी काय करावं? उत्तर द्यायला गांधीजींनाही सोपं गेलं नाही. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, की अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित तुमच्याच लोकांमार्फत जगाला पोहोचेल. थर्मन परत गेले आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे काळ्या विद्यार्थ्यांच्या त्या थोर विद्यापीठात, प्रार्थनामंदिराचे डीन झाले.

दुसरा धागा आपल्या विदर्भातून गेला. जेम्स लॉसन हा तरुण कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार देऊन तुरुंगात गेला होता. सुटल्यावर १९५३ ला तो मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायला आणि मुलांना खेळ शिकवायला आला. तीन वर्षं राहिला, सत्याग्रहाचा अभ्यास केला. मॉन्टगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यानं नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंगनी त्याला दक्षिणेत बोलावून घेतलं. नॅशविलमध्ये तो कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग घेऊ लागला. शिकवायचा काय, तर शिवी दिली, तोंडावर सिगारेटचा धूर सोडला, खुर्चीवरून ओढून पाडलं, तरी हात उचलायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. मुलं एकमेकांना खोट्या शिव्या देऊन सराव करायची. १९६० च्या फेब्रुवारीत ही मुलं उपाहारगृहांच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसली. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती निघाली. हॉवर्ड विद्यापीठातल्या तिच्या जोडगटाचं नाव होतं 'नॉनव्हायलंट ॲक्शन ग्रुप'.

इथं एक बोलून टाकते. गांधीजींनी आपल्यावर प्रभाव पाडणाऱ्यांत श्रीमद राजचंद्रांचं नाव घेतलं, बेचरजी स्वामींचं व्रत आपण पाहिलं, म्हणून ही सगळी चळवळ जैनांचीच देणगी, असं आपल्याकडच्या काही व्याख्यानांत ठोकून दिलं जातं. तसं नाही. गांधीजी वैष्णव घरातले, त्यांच्यावर टॉलस्टॉय होता, रस्किन होता. आणि मार खाल्ला तो त्या पोरांनी. त्यांची बायबलवरची श्रद्धा त्यांची स्वतःची होती. आपला एक धागा त्या कापडात आहे, एवढंच.

तर ३० जून १९६०. हॉवर्डचे विद्यार्थी आणि त्यांचे काही गोरे साथीदार ग्लेन एकोला गेले. पाळण्याची तिकिटं गोऱ्या मित्रांनी आधीच काढून दिली होती. पाच जण मेरी-गो-राउंडवरच्या लाकडी प्राण्यांवर जाऊन बसले. चक्र फिरवलंच नाही. पार्कचा गार्ड आला. गटाचा म्होरक्या लॉरेन्स हेन्री हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता. गार्डनं त्याला विचारलं, तू कुठल्या वंशाचा? तो म्हणाला, मनुष्यवंशाचा.

हे संभाषण ध्वनिफितीवर आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जिनसेनाचार्यांचं आदिपुराण आठवलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्यांनी लिहून ठेवलं आहे, की जातिनामकर्माच्या उदयानं झालेली मनुष्यजात एकच आहे. स्वाध्यायात आपण ही ओळ किती वेळा ओलांडून पुढं गेलो असू!

त्या पाचांना उतरायला सांगितलं, ते उतरले नाहीत, अटक झाली. त्यांत ग्वेंडोलिन ग्रीन ही एकच मुलगी. कॉलेजच्या वयाची, सहलीला जावं तशी पार्कला गेलेली, आणि त्या रात्री पोलिसांत. दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेर फलक घेऊन फेऱ्या सुरू झाल्या त्या सगळा उन्हाळा, पार्कचा हंगाम संपेपर्यंत. शेजारच्या बॅनॉकबर्न वसाहतीतली कुटुंबं, त्यात ज्यू पुष्कळ, पोराबाळांना घेऊन विद्यार्थ्यांच्या रांगेत आली. समोरून नाझी पक्षाचं नाव लावणारी टोळी त्यांना शिव्या द्यायला यायची. मला या बायकांचं फार कौतुक वाटतं. त्यांच्या मुलांना तर आत प्रवेश होताच. तिकीट काढून आत जाऊन आइस्क्रीम खाता आलं असतं. तरी त्या उन्हात बाहेर फिरल्या.

पुढच्या हंगामात, १९६१ च्या मार्चमध्ये, फाटक सगळ्यांना उघडलं. त्याच उन्हाळ्यात ग्वेंडोलिन दक्षिणेतल्या बसप्रवासाच्या सत्याग्रहात जाऊन मिसिसिपीच्या तुरुंगात राहून आली. पाच जणांवरचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६४ साली त्यांची शिक्षा रद्द झाली, कारण गार्डला शेरीफचा अधिकार दिलेला होता आणि सरकारच्या हातानं असा भेदभाव करता येत नाही. ग्वेंडोलिन पुढं मेरिलँडची सिनेटर झाली.

सगळीकडे फाटकं अशी पटकन उघडली नाहीत. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल सांगतात. टीव्हीवर 'फनटाउन' पार्कची जाहिरात बघून ती जायचं म्हणते, आणि तुला तिथं घेत नाहीत हे सांगताना बापाची जीभ अडखळते. इतका विद्वान माणूस, पण अन्याय समजावायला त्यांनी कायद्याचं कलम नाही निवडलं, लेकराचा पाळणा निवडला.

हे सगळं आपल्या मुलींच्या सहलीपर्यंत का ओढलं, ते सांगते. परदेशी निघालेल्या मुलीला आपण खाण्याबद्दल दहा सूचना देतो आणि अकरावी हळू आवाजात देतो, "त्या काळ्या मुलांपासून जरा जपून." लग्नाच्या बायोडाट्यात 'गोरी' लिहिणारे आपणच, त्यामुळे ही सूचना आपल्याला खटकतही नाही. ज्या रांगेत आपली मुलगी आज उभी राहते, तीत तपकिरी कातडीच्या मुलीला निर्धास्त उभं राहता यावं म्हणून कोण अटकेत गेलं, हे तिला माहीत नसतं. कारण आपल्याला माहीत नसतं.

आणि कुंपण फक्त तिकडंच होतं असंही नाही. मुंबई इलाख्यात १९४७ ला हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, तेव्हा तो जैन मंदिरांना लागू करू नये म्हणून आपल्या समाजानं लढा दिला. आचार्य शांतिसागर महाराजांनी त्यासाठी अन्नत्याग केला. अकलूजचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि १९५१ ला निकाल लागला, की जैन मंदिरं ही हिंदू मंदिरं नव्हेत, तेव्हा हा हक्क तिथं सांगता येणार नाही. महाराजांच्या तपाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही, आणि धर्माचं वेगळेपण राखण्याचा मुद्दा खरा होता हेही मी मानते. पण त्या निकालाच्या आठवणीचा आनंद मला घेता येत नाही. समवसरणाच्या चित्रात बारा सभा असतात, त्यांतली एक तिर्यंचांची, पशुपक्ष्यांची. जिथं सिंह येऊन बसतो तिथं दाराशी माणसाची जात विचारणारा कोणी काढलेला मी तरी पाहिला नाही.

म्हणून आता तो पहिला प्रश्न. जावं का? माझं मत, जावं. कुंपण आणि व्रत या वेगळ्या गोष्टी आहेत. कुंपण दुसऱ्याला बाहेर ठेवतं. व्रत आपण आपल्याला घालून घेतलेली मर्यादा, त्यात दुसऱ्याला अडवायचं काही नाही. हॉलबर्नच्या त्या रात्रीसारखं, सूप नको म्हणावं आणि नाटकाला मात्र बरोबर जावं.

खाण्याचं म्हणाल तर बाहेरचं अन्न नेऊ देण्याचे नियम दर पार्कचे वेगळे असतात. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये स्वतःपुरता डबा चालतो, काचेची भांडी चालत नाहीत. जिथं मनाई असते तिथंही आहाराच्या धार्मिक कारणासाठी आधी लिहून विचारलं तर पुष्कळदा परवानगी मिळते. दशम्या आणि लसणाशिवायची शेंगाची चटणी दिवसभर टिकते, वर्गातल्यांना द्यायलाही पुरते. मुलींनी बटाट्याच्या तळणीवर भिस्त ठेवू नये. कंदमुळाचा प्रश्न सोडला तरी, एका प्रसिद्ध बर्गर कंपनीच्या अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद निघाला आणि २००२ साली तिला शाकाहारी गिऱ्हाइकांशी तडजोड करून एक कोटी डॉलर द्यावे लागले. रंगीत जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं. सूर्यास्ताची वेळ फोनवर दिसते. उत्तर अमेरिकेत जून-जुलैत तो साडेआठ-नऊपर्यंत लांबतो, तेव्हा अडचण येत नाही. ऑक्टोबरात मात्र घड्याळाकडं लक्ष हवं.

एका गोष्टीला मात्र 'नाही' म्हणायला शिकवावं, ती म्हणजे प्राण्यांचे खेळ. अनर्थदंडविरतीत प्रमादचर्या सांगितली आहे, विनाकारण जिवांना त्रास होईल असं वागणं. करमणुकीच्या इतिहासात त्याचा कळस न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला झाला. तिथं १९०३ च्या जानेवारीत टॉप्सी नावाच्या हत्तिणीला विजेच्या धक्क्यानं मारलं आणि त्याचं चलच्चित्रही काढलं. आज एवढं क्रौर्य होत नाही, पण टाकीतले देवमासे टाळ्यांसाठी उड्या मारतातच. तेवढा एक तास मुलीनं बाहेर बाकावर बसावं आणि कोणी विचारलं तर कारण सरळ सांगावं. पोटदुखी सांगू नये.

ग्लेन एकोचं पार्क १९६८ ला बंद पडलं. आता ती जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, आत जायला तिकीट नाही. रोलर कोस्टर गेला, तलावात पाणी नाही, पण ते १९२१ चं मेरी-गो-राउंड उन्हाळ्यात अजून फिरतं. घोडे पुष्कळ आहेत, शिवाय ससे, शहामृग, एक जिराफ, एक हरीण, एक सिंह आणि एक वाघ, सगळे एकाच चक्रावर. कुणाची लेक वॉशिंग्टनकडे शिकायला असेल तर तिला वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन जायला सांगा. झाडांखाली बसून डबा खायला टेबलं आहेत.